चार गारा पाठवतोय

कुरकुंभ, ता. दौंड
खंडेनवमी

चि. छकुलीस,


तुझी स्प्रिंग मोडली, हे बरंच झालं. तू पाठवलेला फोटो मी मोबाइलवर दोन बोटांनी ताणताणून पाहिला. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा आहे, अर्धा चकचकीत. ती परवा मोडली असं तुला वाटतं, पण चीर पडली ती तू तिला तेलात बुडवलंस त्याच दिवशी. नंतर पुन्हा तापवताना ती चीर आतून काळी पडली आणि उरलेल्या अर्ध्या पोलादाच्या जोरावर बिचारीने एवढे दिवस कळ काढली. आता वाकाजवळ भिंग धरून बघ. तिथे कानशीचे आडवे ओरखडे दिसतील. तू नऊ वर्षांची असताना आमच्या ओसरीवर, व्हाइसमध्ये पट्टी आवळून मी तुला सांगितलं होतं, की शेवटचा हात लांबीला मारायचा, रुंदीला नाही. आडवा ओरखडा म्हणजे चिरेला आपणच आखून दिलेली वाट. तेव्हा तू "हो मामा" म्हणालीस आणि पेरू पाडायला पळालीस.

तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. तू लँकेस्टरला शनिवार-रविवार सुतारकाम शिकतेस, असंच ती सगळ्यांना सांगते. ते अगदीच खोटंही नाही. पण एक दिवस तिला नीट सांग. अमेरिका आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र ऐकले की तिच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरच्या बातम्या येतात, आणि त्यात तिची काही चूक नाही. माझ्याही येतात. तिला एवढंच सांग, की तू घडवते आहेस ती जुन्या धर्तीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला सराव असलेल्या माणसालाही अर्धा मिनिट लागतं, आणि जरा दमट हवा असली तर ती उडेलच असंही नाही.

आज सकाळी पूजा मांडली. व्हाइसला झेंडूची माळ घातली, कानशी, छिन्न्या, मायक्रोमीटर पाटावर ओळीने लावले, हळदकुंकू वाहिलं. पिंपरीत आणि मग इथल्या एमआयडीसीत मिळून पस्तीस वर्षं ज्या हत्यारांनी पोटाला दिलं, त्यांचा दिवस. मग फिरंगाईला जाऊन आलो. गर्दी होती. उभा असताना दरवेळी येतो तोच विचार मनात आला. फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. तिचं पातं समुद्रापलीकडून, फिरंग्यांच्या गलबतातून यायचं आणि मूठ इथे चढायची. पातं परक्यांचं आणि मूठ आपली. आमच्या गावच्या देवीच्या नावात मला तीच तलवार ऐकू येते. आणि आता माझी भाची पेनसिल्व्हेनियात बसून एका जर्मन बंदुकीवर मराठी हात चालवतेय. बंदूक जर्मनच म्हणायची, कारण 18व्या शतकात तिकडे जाऊन वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनीच ती घडवली ना? आखूड, जाडजूड जर्मन शिकारी बंदूक त्यांनी लांबवली, बारीक केली, मेपलच्या लाकडात बसवली. तू ज्या जेकब डिकर्टचा नमुना समोर ठेवला आहेस, तोही लहानपणी जर्मनीतून आलेला आणि तुझ्याच लँकेस्टरात दुकान थाटलेला.

तू सांगितलंस म्हणून विल्यम्सबर्गच्या बंदूकवाल्याचा तो 1969चा माहितीपट पाहिला. तीनदा पाहिला. त्यातला बंदूकवाला वॉलेस गस्लर लोखंडाची चपटी पट्टी तापवतो, दांड्याभोवती वळवतो, कडेला कड ठोकून जोडतो आणि पट्टीची नळी होते, तिथे मी खुर्चीवरून उठलो होतो. आतला पीळ कापण्याची तऱ्हा तर त्याहून साधी. लाकडाच्या लाटेवर पिळाच्या खाचा, ती खाचेतून सरकताना फिरते, तिच्या टोकाला एक लहानसं दातेरी पातं, आणि एका ओढीला निघणारा कीस कागदाहून पातळ. ओढा, कागदाची एक घडी पात्याखाली सरकवा, पुन्हा ओढा. अशा शेकडो ओढी. आम्ही आमच्या टूलरूममध्ये जे काम लाखो रुपयांच्या यंत्रावर करायचो, त्याचा जीव शेवटी त्या लाटेतच आहे. तू नळी तयार घेतलीस हे मात्र योग्य केलंस. नळी जिवाशी खेळ आहे, तिथे हौस नको.

पण चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा, तू स्वतः बसवते आहेस, आणि खरी गंमत चापातच आहे. लोकांना वाटतं, दगडातून ठिणगी निघते. दगडातून काही निघत नाही. घोडा सुटतो, त्याच्या तोंडातली गार समोरच्या उभ्या पोलादी पात्यावर (तुम्ही त्याला फ्रिझन म्हणता) घासत खाली येते आणि पोलादाचे बारीक कपचे सोलून काढते. ते कपचे इतके तापलेले असतात, की हवेत येताच पेटतात. जळतं ते पोलाद. त्याच दणक्याने पातं पुढे उलटतं, खालचा प्याला उघडा पडतो, ठिणग्या त्यातल्या दारूत पडतात आणि आग कानातून आत नळीत शिरते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. तेवढ्या वेळात नेम धरणाऱ्याने हलायचं नाही. हेच कठीण, म्हणे.

तू लिहितेस की दहातल्या चारच वेळा ठिणगी पडते आणि गारेची धार लगेच बोथटते. मग पात्यावर बोट फिरवून बघ. खोल चरे पडलेत? पडले असतील तर पातं मऊ आहे, गार त्याला सोलत नाही, नांगरते आहे. आपल्याकडचा लोहार एका शब्दात सांगेल, पाणी कमी पडलं. विळ्याला पाणी देतात तसंच हे. आठवडे बाजारात लोहार पातं लाल करायचा, पाण्यात चुर्र करून बुडवायचा आणि मग त्याचा रंग चढताना एकटक बघत बसायचा. पिवळा, मग तांबूस, मग निळा. रंग पाहूनच तो थांबायचा. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. आमच्याकडे होता, तरी आमचे जॉब त्याच्या कोयत्यापेक्षा जास्त वेळा वाया जायचे. तुझ्या पात्याला नुसत्या पाण्याने भागणार नाही, आधी वरच्या थरात कार्बन चढवावा लागेल, हाडांच्या कोळशात बंद करून. ते तुझ्या गुरुजींकडूनच करून घे. आणि स्प्रिंगला पात्यासारखं कडक ठेवू नकोस. पात्याला पिवळा पुरे, स्प्रिंगला निळा.

लाकडात चाप बसवताना तू दिव्याची काजळी लावतेस, हे वाचून तर मी मोठ्याने हसलो. आमच्याकडे त्यासाठी निळ्या रंगाची डबी असायची. जॉबला निळा रंग लावायचा, जोडीदार जॉबवर टेकवायचा, जिथे निळं उठेल तिथे कानस मारायची, आणि असं करत करत सगळीकडे सारखं निळं उठेपर्यंत मारत राहायचं. तू काजळीने तेच करतेस. तुझी पणजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताटली उपडी घालायची, तुझ्या आजीच्या डोळ्यांत घालायला. त्याच काजळीने तू मेपलच्या लाकडातला उंचवटा शोधतेस. एक केसभर लाकूड जास्त गेलं की ते परत येत नाही, एवढंच ध्यानात ठेव. लोखंडाला वेल्डिंग आहे, लाकडाला नाही.

आता तू विचारलेल्या शब्दांबद्दल. चापाच्या भागांना मराठीत काय म्हणतात? तुला वाटलं असेल, मामा इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून पाठवेल. पण बंदूक मराठीत नुसती आली नाही, घर करून राहिली. गार धरतो तो घोडा. तो सोडतो तो चाप, आणि मी तर सगळ्या यंत्रणेलाच चाप म्हणतो. प्याल्यातली बारीक दारू ती रंजक. हो, रंजक! मोल्सवर्थच्या कोशातही सापडेल. आता आपण रंजक फक्त गोष्टींना आणि सिनेमांना म्हणतो. नळीला आग जाण्याचं भोक तो कान. दारू-गोळी आत दाबायची ती गजाने. लाकूड म्हणजे कुंदा. वातीने पेटते ती तोड्याची बंदूक आणि तोंडाकडून भरायची ती ठासणीची. ठासणीची बंदूक गेली, पण भाषण अजून ठासून होतं, गाडी अजून ठासून भरते, पुढाऱ्याचा बार अजून फुसका निघतो. सीमेवर दोन सैन्यांची चकमक झडते. चकमक म्हणजे तुझ्या घोड्याच्या तोंडातलाच दगड. शब्द राहिले आणि हात गेले.

गेले म्हणजे कुठे गेले, हे तुला सांगायचं आहे. महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपीय सेनापतीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतायचा आणि बंदुका करायचा. बंदूक पडायची दहा रुपयांना आणि विलायती बंदुकीच्या तोडीची असायची. सँगस्टरचं नाव इतिहासात आहे. पण दहा रुपयांत बंदूक होते ती साहेबाच्या हाताने होत नाही. कानस मारणारे, पाणी देणारे, कुंदा कोरणारे हात तिथलेच होते, आणि त्यातलं एकही नाव मला कधी वाचायला मिळालं नाही.

शिरूरकडून पुण्याला जाताना तू लहानपणी भीमेकाठचा कोरेगावचा स्तंभ पाहिला आहेस. 31 डिसेंबर 1817च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनीची पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारीला, दिवसभर तिथे पेशव्यांच्या फौजेशी लढली, पाण्याच्या थेंबावाचून. त्या शिपायांच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या. काडतूस दातांनी फाडायचं, थोडी दारू प्याल्यात, बाकीची नळीत, वरून गोळी, गज, आणि खांद्याला. तू आता हे सगळं एकेक करून शिकते आहेस, म्हणून तुला कळेल, की दारू तोंडात गेल्यावर तहान कशी लागत असेल. त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, महार शिपायांची आहेत, आणि लोक लाखोंनी येऊन त्यांना मान देतात. बंदुका बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी व्हायच्या. तिथे चाप एकाचा, नळी दुसऱ्याची, कुंदा तिसऱ्याचा. लढणाऱ्याचं नाव दगडावर जाऊ शकतं. घडवणाऱ्याचं तिकडेही फारसं कुठे गेलं नाही, इकडे तर नाहीच.

मग 1857 झालं, हत्यारं काढून घेतली गेली, आणि 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनसाहेबाने शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार नाही. हत्यार गेलं त्याबरोबर ते दुरुस्त करणाराही गेला. तो विळे-कोयते करायला लागला. स्वातंत्र्यानंतरचा कायदा 1959चा. त्यात बंदूक बाळगायलाच नाही, घडवायलाही परवाना लागतो. तुला खोक्यातून सुटे आले तसे बंदुकीचे नुसते भाग मी इथे घासायला घेतले, तरी पोलीस दारात येतील, आणि त्यांनी यावंच. मला त्याबद्दल तक्रार नाही. ज्या देशात गल्लीबोळात कट्टे सापडतात, तिथे हौशीला सवलत देऊन चालायचं नाही. तुमच्याकडे जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकीला सरकार साध्या बंदुकीत धरत नाही, म्हणून तुझं खोकं पोस्टाने घरी आलं. तुझ्या राज्यात तर नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे. तू पुठ्ठ्यावरच नेम धरणार आहेस ते ठाऊक आहे मला, उगाच रागावू नकोस.

पण एक शब्द मला टोचतो. तुझ्या लँकेस्टरात हाताने केलेली बंदूक म्हटलं, की किंमत कितीतरी वाढते. आपल्याकडे हाताने केलेल्या बंदुकीला एकच नाव उरलं आहे, गावठी. गावठी कट्टा. बातमीत तो शब्द आला की समोर येतो गंजका पाइप, रबर आणि चोरटा माणूस. कौशल्याला इतकी वाईट शिक्षा दुसरी नसेल. दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, तलवारींवरून भांडतो, चित्रपटात त्या फिरवतो. मूठ कुणी चढवली, पाणी कुणी दिलं, हे विचारणारा अजून भेटला नाही. पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं पाहताना मी काचेला नाक लावून उभा असतो. लोक पातं पाहतात, मी खिळे पाहतो. रखवालदार येऊन मला बाजूला करतो.

तुझ्या पणजोबांची बंदूक तू पाहिली नाहीस. ठासणीचीच, पण टोपीची, म्हणजे चकमकीनंतरची. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, आजही कायद्यात आहे तो. रानडुकरांना भिववायला ती होती. निवडणूक आली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर घेऊन यायचे, सासरी गेलेली मुलगी आणावी तसे. ते गेले, आम्ही ती सरकारजमा केली. देण्याआधी मी एकदा तिचा चाप उघडला होता. आत स्प्रिंगच्या पाठीवर छिन्नीने मारलेली तीन टिंबं होती. कुणाची तरी खूण. मला वाटतं, तेवढं एक नाव मी वाचलं.

आता मुद्द्याची गोष्ट. तू विचारलं होतंस, इंग्लंडहून काळी गार मागवावी की फ्रान्सची मधाळ? दोन्ही चांगल्या. पण मीर कासिमची गोष्ट ऐक. बंगालच्या या नवाबाने 1760 नंतर मुंगेरला बंदुकांचा कारखाना काढला. पुढे इंग्रजांनी तिथल्या बंदुका तपासल्या, तर त्या कंपनीला विलायतेहून येणाऱ्या उत्तम बंदुकांपेक्षा सरस निघाल्या. त्या बंदुकांच्या घोड्यांत इंग्लंडची गार नव्हती. राजमहालच्या डोंगरातला अकीक होता. राजमहालचे डोंगर म्हणजे काळा लाव्ह्याचा पाषाण आणि त्याच्या पोकळ्यांत जमलेल्या गारगोट्या. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या कुरकुंभच्या टेकडीचा दगडही तोच, काळा. नांगरटीनंतर पाऊस पडला की शेतात पांढऱ्या, करड्या, मधाच्या रंगाच्या गारा उघड्या पडतात. तू त्या फ्रॉकच्या खिशात भरायचीस आणि तुझी आई धुताना ओरडायची.

आणि त्यांना धार काढणंही इथे नवं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी 1968 पासून तिथे बरीच वर्षं खणलं. साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळात तिथे शेतकरी राहायचे. तांबं होतं त्यांच्याकडे, पण थोडं, महाग. रोजच्या कापाकापीला ते याच गारेची पाती काढायचे, एकसारखी, लांबट, ब्लेडसारखी. दगडावर नेमक्या जागी दाब किंवा घाव दिला की पातं सुटतं. बंदुकीची गार करणारे इंग्लंडात ब्रँडनचे लोक करायचे तेही मुळात हेच, हातोडी तेवढी लोखंडाची. मी उन्हाळाभर ओसरीवर बसून तेच करत होतो. पहिल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वाया गेल्या, डाव्या हाताला दोन टाके पडले, तुझ्या मामीने चार दिवस अबोला धरला. चष्मा लावल्याशिवाय गार फोडू नकोस. शेवटी मधाळ रंगाच्या चार बऱ्या जमल्या. दगडाला परवाना लागत नाही.

त्या चार गारा पाठवतोय. दौंडच्या पोस्टात बाईंनी विचारलं, "आत काय?" म्हटलं, दगड. "किंमत?" म्हटलं, काय लिहू? त्यांनी चौकोनात शंभर रुपये लिहिले आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. गार घोड्याच्या तोंडात नुसती आवळू नकोस, चामड्याचा तुकडा गुंडाळून बसव, नाहीतर पहिल्याच दणक्यात तिचे तुकडे होतील. धार पात्याला सगळीकडे सारखी टेकायला हवी. काजळी लावून बघ.

आणि दोन कामं कर. नळीच्या वरच्या सपाट बाजूवर तिकडचे कारागीर आपलं नाव कोरतात, डिकर्टही कोरायचा. तू तुझं कोर, देवनागरीत. छिन्नी बारीक घे आणि वेलांटीला घाई करू नकोस.

दुसरं, ती मोडलेली स्प्रिंग फेकून देऊ नकोस. दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून मला पाठव. मला ती चीर हातात धरून बघायची आहे.

तुझा मामा